गावच्या वाचनालयासाठी एकसारखे ४८ लाकडी ब्रॅकेट : जिग (तुकडा एकाच जागी धरून कापायचा साचा) कसा करावा?

दुधनाकाठ
नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. खोली आहे, वाचक आहेत, पुस्तकं मात्र निम्मी पत्र्याच्या पेट्यांत. यंदा गल्लीतलं एक जुनं माळवद (मातीचं सपाट छत) उतरवलं. मालकांनी त्यातल्या सागवानी तुळया आणि सर (छताची आडवी लाकडं) वाचनालयाला देऊन टाकले. सॉ मिलवर चिरून सव्वा इंची फळ्या काढून घेतल्यात, रंधून २८ मिमी जाडी मिळते आहे.

बेत असा : ६ फुटी १६ फळ्या, प्रत्येकीखाली ३ ब्रॅकेट, म्हणजे ४८ ब्रॅकेट. आकार १० इंच खोल, ८ इंच उंच, पुढून खालपर्यंत आत गेलेलं वळण. साध्या त्रिकोणी पट्ट्या मारून भागेल हे मान्य, पण गावातल्या पोरांना तिथं बसावंसं वाटलं पाहिजे. म्हणून वळण हवंच.

आमचे मिस्त्री हाताने चांगले आहेत. ते म्हणतात, एक कापू, त्याच्यावरून दुसरा आखू, दुसऱ्यावरून तिसरा. मला ते पटत नाही. पेन्सिलीची जाडी दर खेपेला वाढत जाते. अर्ध्या अर्ध्या सुताने शेवटचा ब्रॅकेट पहिल्याचा भाऊ राहणार नाही. एकच फर्मा (नमुन्याचा आकार) करून त्यावरून सगळे काढावेत असं माझं ठाम मत आहे.

हाताशी जिगसॉ, ६ मिमी कोलेटचा ट्रिमर (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटने, कड कापणारं हातयंत्र), ड्रिल आणि क्लॅम्प आहेत. फर्मा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा तक्ता) की प्लायचा? तुकडा फर्म्याला धरून कसा ठेवायचा? आणि वळणावर ढलप्या उडू नयेत म्हणून काय करायचं? १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, पुस्तकं फळ्यांवर लागलेली पाहायची आहेत.

काळीमाती
वाचतोय. पहिली फळी कवितांना द्या ही विनंती.

सुतारपोर
दुधनाकाठ भाऊ, मत बरोबर आहे. फर्मा १२ मिमी एमडीएफचा करा. प्लायच्या कडेला थरांच्या मधे पोकळी निघते, बिटचं बेअरिंग (फर्म्याच्या कडेवर फिरणारी चकती) त्या खड्ड्यात गेलं की तोच खड्डा ४८ ब्रॅकेटवर उमटतो. एमडीएफची कड घासून आरशासारखी करता येते. ती मऊ असते हे खरं, म्हणून कडेला पातळ लाखेचे दोन हात द्या, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा.

एक गोष्ट जिवाशी धरा. पहिला फर्मा 'मूळ' म्हणून बाजूला भिंतीवर टांगा. त्यावरून दुसरा काढा आणि काम त्या दुसऱ्यावर करा. कामाचा फर्मा झिजला, बिट घासलं, तर पुन्हा मुळावरूनच नवा काढायचा. झिजलेल्यावरून कधीच नाही.

वळण आखायला फ्रेंच कर्व्ह वगैरे शोधत बसू नका. बांबूची कामटी सारख्या जाडीची तासून घ्या, तीन खिळ्यांना टेकवून वाकवा आणि आतून पेन्सिल फिरवा. कामटी जे वळण घेते ते डोळ्याला कुठेच अडखळत नाही.

रंधापटाशी
मिस्त्रींची बाजू कुणीतरी घेतली पाहिजे. एकावरून एक आखणं चूक, तिथं मी तुमच्या बाजूचा. पण त्यासाठी ट्रिमर कशाला? सहा सहा तुकड्यांची गड्डी बांधा. वरच्या तुकड्यावर फर्म्याने आखा, आरपार दोन बोल्ट घाला, वळणाच्या आत इंचा-इंचावर करवतीने उभे काप द्या, पटाशीने ढलप्या पाडा, मग अर्धगोल कानस आणि पॉलिश पेपर. गड्डी सहा तुकड्यांची म्हणजे कड साडेसहा इंचांहून थोडी जास्तच रुंद, त्यामुळे कानस डगमगत नाही, आपोआप सपाट चालते. एका गड्डीतले सहा ब्रॅकेट तंतोतंत सारखे निघणार. आठ गड्ड्यांत काम संपलं. लाइट गेली तरी हात थांबत नाही, आणि आमच्या भागात ती कधी जाईल याचा नेम नाही.

वाळूजवाला
रंधापटाशी काका, गड्डीची पद्धत मला मनापासून आवडते. पण गड्डीतले सहा सारखे आणि पुढच्या गड्डीतले सहा सारखे, म्हणजे दोन्ही गड्ड्या एकमेकींशी सारख्या असं होत नाही. प्रत्येक गड्डीला थांबायचं कुठे ते हात ठरवतो. जिगमध्ये ते आधीच ठरलेलं असतं.

मी टूलरूममध्ये काम करतो, चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलो. धातूचं काम, पण नियम लाकडालाही तोच. फर्म्याचा आकार हा जिगचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे प्रत्येक तुकडा जिगमध्ये दर वेळी त्याच जागी बसणं. आमच्याकडे याला ३-२-१ म्हणतात. तळाला तीन बिंदूंवर टेकवा, लांब कडेला दोन बिंदूंवर, आखूड कडेला एका बिंदूवर. एवढ्याने तुकड्याची जागा पूर्ण ठरते. सातवा टेकू दिला की तुकडा कशावर टेकायचं याच्या गोंधळात पडतो आणि दर वेळी वेगळा बसतो.

तुमच्या ब्रॅकेटमध्ये पाठ, जी भिंतीकडे जाते, आणि माथा, ज्यावर फळी बसते, या दोन कडा महत्त्वाच्या. त्यांच्यामधला काटकोन चुकला तर फळी पुढे झुकणार. म्हणून क्रम असा ठेवा : आधी पाठ आणि माथा सरळ व काटकोनात कापून घ्या, मूळ गुण्याने प्रत्येक तुकडा तपासा. मग त्या दोन कडा जिगच्या टेकूंना लावून वळण काढा. उलट केलंत, आधी वळण आणि मग काटकोन, तर वळणाची जागा दर ब्रॅकेटला सरकेल.

टेकू म्हणून सलग पट्टी लावू नका. पट्टीच्या कोपऱ्यात भुसा साचतो, आणि कागदाएवढा भुसा साचला तरी तुकडा तिरका बसतो. माथ्याला दोन आणि पाठीला एक असे ८ मिमीचे डोवेल (गोल लाकडी खुंट्या) ठोका, भुसा मधून निसटतो. पट्टीच लावायची असेल तर तिच्या खालच्या कोपऱ्याला रंध्याने तिरपी खाच काढा.

धरायला वरून दाबणारे दोन टॉगल क्लॅम्प (दांडा फिरवला की घट्ट बसणारे). फर्मा तळाशी, त्यावर तुकडा, वरून टॉगल. बेअरिंग बिटच्या टोकाला असलेलं घ्या म्हणजे ते खाली फर्म्यावर फिरेल. ट्रिमरच्या वाटेत टॉगलचा दांडा येत नाही ना, हे बिट न लावता एकदा फिरवून पाहा.

गुरुजी_परभणी
असं शिकवलं असतं तर भूमितीला पोरं पळाली नसती. तीन बिंदूंनी प्रतल ठरतं हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. आता वर्गात हा जिग घेऊन जाणार.

शेवंता_लातूर
मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून जरा वेगळ्या टोकाने. जिगआधी दोन प्रश्न : लाकडाची रेषा (तंतू) कोणत्या दिशेने आणि ब्रॅकेट कशात रुतणार?

रेषेचं आधी. रेषा माथ्याला समांतर ठेवली तर खालचं टोक आडव्या रेषेचं होतं. तिथं रेषा आखूड राहते आणि स्क्रूने किंवा धक्क्याने कपरी उडते. रेषा पाठीला समांतर ठेवली तर तेच पुढच्या टोकाला. म्हणून ब्रॅकेट फळीवर तिरपा आखा, पाठीचं खालचं टोक आणि माथ्याचं पुढचं टोक जोडणारी रेघ लाकडाच्या रेषेला समांतर येईल असा. भारही त्याच वाटेने खाली जातो.

यात एक फायदा दडलेला आहे. सरळ आखलं तर ८ इंच रुंद फळी लागते. तिरपं आखलं, टोकं सव्वा इंच जाड ठेवली, तर सव्वासात इंच रुंदी पुरते. जुन्या सरांमधून ८ इंची स्वच्छ फळी मिळणं कठीण. शिवाय एक ब्रॅकेट सुलटा, एक उलटा असे मांडले तर लाकूड खूप वाचतं.

आता भार. पुस्तकांच्या एका मीटर फळीला साधारण २५ ते ३० किलो धरतात. तुमच्या ६ फुटी फळीवर सुमारे ५० किलो आले. दोन ब्रॅकेट अगदी टोकांना आणि एक मधोमध असं लावलंत तर मधला एकटा एकूण भाराचा ५/८ हिस्सा उचलतो. टोकाचे दोन्ही ब्रॅकेट ९ इंच आत घ्या, वाटणी बरीच सारखी होते.

भिंत कसली आहे ते कळल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

दुधनाकाठ
शेवंताताई, तिरपं आखायचं कुणीच सुचवलं नव्हतं, फार उपयोगी. भिंत काळ्या दगडाची, मातीत बांधलेली, दोन हात रुंद. वरून सिमेंटचा गिलावा अलीकडचा.

शेवंता_लातूर
मग कृपा करून ब्रॅकेट भिंतीत ठोकू नका. गिलाव्यात गिट्टी (स्क्रूसाठी ठोकायची खुंटी) घट्ट बसल्यासारखी वाटते, पण तिच्यामागे माती आहे. ८०० किलो पुस्तकं त्या गिलाव्याच्या भरवशावर टांगायची नाहीत.

मी किल्लारीच्या पट्ट्यातली आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला मातीत बांधलेल्या दगडी भिंतींचं काय झालं ते आमच्या घराघरात सांगितलं जातं. वाचनालयात पोरं खाली बसून वाचणार. म्हणून तुमचा बेत थोडा बदला : ३ बाय २ इंचाचे उभे खांब जमिनीवर उभे करा, ब्रॅकेट खांबांना लावा. सगळा भार खांबातून जमिनीत जाईल. खांब वरच्या टोकाला एका आडव्या पट्टीने एकमेकांना बांधा आणि ती पट्टी छताच्या तुळईला किंवा पक्क्या कॉलमला अडकवा, म्हणजे मांडणी पुढे कलंडणार नाही. जड ग्रंथ आणि बांधीव अंक खालच्या फळीवर.

चार कप्पे, प्रत्येकी तीन खांब, म्हणजे १२ खांब. प्रत्येक खांबाला चार ब्रॅकेट. तुमचे ४८ तेच राहतात.

बाभूळबन
ताई लई मोलाचं बोलल्या. आमच्याकडं हिंगोलीत एका शाळेत पत्र्याचं कपाट नुसतं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पोरं खालच्या फळीवर पाय देऊन चढायलीत, अन् कपाट पुढं यायलंय. शिपाईमामा जवळ होते म्हणून निभावलं. लाकडाचं असो की पत्र्याचं, वरून बांधायलाच पायजे.

नांदेडी
सागाचा विषय निघालाय म्हणून. आमच्या किनवटच्या जंगलातला साग बघितलाय का कुणी? रंधा मारताना हाताला तेलकट लागतो. जुन्या माळवदातला सागही असाच असणार, पन्नास-साठ उन्हाळे खाऊन निवांत झालेला. हे लाकूड आता वाकायचं नाही. मात्र फेविकॉल लावायच्या आधी जोडाची जागा ताजी रंधून घ्या. तेलकट पृष्ठभागावर गोंद धरत नाही.

मुक्ता
आणि खिळे! जुन्या तुळईत खिळे मोडून आत राहिलेले असतात, वरून दिसत नाहीत. ट्रिमरच्या बिटचा कार्बाइडचा दात एका खिळ्याने उडतो आणि उडालेला तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही. स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवा. जिथं ते ओढ घेईल तिथं खडूने खूण. लाकडावर निळा-काळा डाग असला तर तिथं लोखंड आहे किंवा होतं असं समजा.

चष्मा आणि मास्क विसरू नका. एमडीएफची धूळ फार बारीक असते, फर्मा घासताना उघड्यावर बसा. ट्रिमर चालवताना हातमोजे नकोत, ओढणी-उपरणं लांब ठेवा.

काळीमाती
माळवद म्हटलं की मला आमचं आजोळ आठवतं. उन्हाळ्यात माळवदावर झोपायचं, खाली माजघरात भिंतीतलं बळद, अंगणात पेव. आजीची भांड्यांची मांडणी सागाची, तिच्या कडेला कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या, सगळ्या एका मापाच्या. कुणा सुताराने कोणत्या फर्म्याने काढल्या असतील?

रंधापटाशी
@काळीमाती, पत्र्याच्या नाहीतर चामड्याच्या तुकड्याचा फर्मा असायचा. माझ्या वडिलांच्या पेटीत अशा पत्र्याच्या फर्म्यांची चळत होती, खिडकीच्या कमानीपासून पाळण्याच्या पायापर्यंत. गावातली सगळी पाळणी एका वळणाची दिसायची ती त्यामुळे. म्हणजे फर्म्याला माझा विरोध नाही, हे वाळूजवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

वेरूळचं दहावं लेणं पाहिलंय ना? विश्वकर्मा लेणं, लोक सुताराची झोपडी म्हणतात. छताला एकापाठोपाठ एक दगडी फासळ्या, हुबेहूब लाकडी वासे. दगडाला वाशांची काहीच गरज नव्हती. तरी त्या कारागिरांनी लाकडाची ओळ दगडात उतरवली, कारण एकसारख्या वळणांची रांग डोळ्याला शांत करते. आमची सुतारमंडळी तिथल्या मूर्तीला विश्वकर्मा मानून हात जोडत आली. तुमचे ४८ ब्रॅकेट त्याच कुळातले.

गुरुजी_परभणी
क्या बात है. वाचनखूण साठवली.

सोयाबीन
एवढा खटाटोप कशाला? संभाजीनगरला सीएनसीवाल्याकडे (संगणकावर चालणारं कापयंत्र) १८ मिमी प्लायची शीट द्या. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये चौकोन धरून ४५ बसतात, वळणं एकमेकांत अडकवली तर ४८ सहज. प्लायला आडव्या रेषेची भीती नाही. संध्याकाळी घरी.

सुतारपोर
@सोयाबीन, ज्याला लाकूड विकत घ्यायचंय त्याला हा सल्ला योग्य आहे. आयएस ७१० ची प्लाय घेतली तर ओलाव्याचीही काळजी नाही. पण इथं गावाने साग दिलाय. तो पडून राहणार आणि आपण प्लाय आणणार, हे मला रुचत नाही.

वाळूजवाला
शिवाय जिग गावात राहतो. पुढच्या वर्षी आणखी दोन कप्पे हवे झाले की तोच काढायचा.

दुधनाकाठ
सीएनसी नको, सोयाबीन भाऊ, पण आभार. दहावीची चार पोरं रोज संध्याकाळी घासायला येतायत, त्यांना हे शिकायचंय.

खांबांचा बेत पक्का केला. दोन अडचणी आल्यात. ट्रिमरचं बेअरिंगवालं बिट २५ मिमी लांबीचं मिळालं, लाकूड २८ मिमी. आणि नमुन्याच्या तुकड्यावर वळणाचा निम्मा भाग गुळगुळीत आला, निम्म्यात ढलप्या.

वाळूजवाला
पहिलं सोपं आहे. फर्म्यावरून २५ मिमी कापून घ्या. मग तुकडा जिगमधून काढा, फर्मा बाजूला ठेवा, बिट थोडं वर घ्या आणि बेअरिंग आता नुकत्याच कापलेल्या गुळगुळीत कडेवर फिरवा. उरलेले ३ मिमी निघतील. कापलेली कडच दुसऱ्या फेरीचा फर्मा होते. एवढं लक्षात घ्या की बेअरिंग टोकाला असेल तर न कापलेली ३ मिमीची पट्टी वरच्या बाजूला राहते, म्हणजे तुकडा न उलटता हे जमतं.

६ मिमीचा दांडा बारीक असतो. त्याला जास्त चारू नका. जिगसॉने रेघेबाहेर २ मिमी ठेवूनच कापा, ट्रिमरने फक्त ते २ मिमी.

सुतारपोर
ढलप्यांचं मी सांगतो. शेवंताताईंनी सांगितल्याप्रमाणे तिरपी रेषा घेतलीत, म्हणजे वळणाच्या तळाशी, मधोमध, बिट रेषेला समांतर चालतं. टोकाकडून मधल्या खोलगट भागाकडे येताना रेषेच्या उतारावरून कापणं होतं, ती कड गुळगुळीत. मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे चढताना बिट रेषेच्या पोटात घुसतं आणि ढलपी उपटतं. ही रेषेची करामत आहे, तुमच्या हाताचा काही संबंध नाही.

उपाय असा : अर्ध वळण एका बाजूने, उरलेलं अर्ध तुकडा उलटून. त्यासाठी दोन बिटं लागतील, एकाचं बेअरिंग टोकाला, दुसऱ्याचं दांड्याकडे. फर्मा तुकड्याला दोन्ही बाजूंच्या टेपने चिकटवलेला असू द्या. पहिल्या बिटने एका टोकापासून मध्यापर्यंत या. सगळं उलटं करा, फर्मा आता वर, दुसरं बिट लावा आणि दुसऱ्या टोकापासून मध्यापर्यंत या. दोन्ही वेळा उतारावरूनच.

दिशा पाठ करून ठेवा. काम पुढ्यात, आपल्या बाजूची कड कापतोय, तर ट्रिमर डावीकडून उजवीकडे. उलट नेला तर तो हातातून पळतो. पोरं शिकतायत म्हणून मुद्दाम लिहितोय.

रंधापटाशी
किंवा ट्रिमरने १ मिमी ठेवा आणि शेवटचा हात पटाशी-कानशीने, दोन्ही टोकांकडून मध्याकडे. चार पोरं आहेत, आठ हात आहेत.

सुतारपोर
काका, हे तर उत्तमच. मान्य.

शेवंता_लातूर
आता खांबांतल्या खाचांबद्दल, कारण तिथं खरी फसगत होते. ब्रॅकेटची पाठ खांबात १० मिमी खोल खाचेत बसवा, मागून दोन स्क्रू आणि गोंद. भार स्क्रूवर न येता खाचेच्या तळावर येतो. ब्रॅकेट तेवढा १० मिमी जास्त खोल आखा.

खाचांची अंतरं मोजताना एका खाचेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं मोजू नका. तुम्ही मिस्त्रींना ज्या कारणाने नाही म्हणालात तेच कारण इथंही. ७ फुटी एक सरळ पट्टी घ्या, चारही खाचांच्या खुणा तिच्यावर एकदाच करा. तळाचं टोक लाल रंगवा. ती पट्टी प्रत्येक खांबाच्या तळाशी टेकवून खुणा उतरवा. १२ खांब एकत्र आडवे ठेवून आखलेत तर आणखी बरं. जमीन उंचसखल असेल तर खांबाखाली पाचर मारून सारखं करा, खुणा हलवू नका.

नांदेडी
फळी ब्रॅकेटला पक्की करताना पाठीकडचा स्क्रू घट्ट, पुढचा लांबट भोकात. श्रावणात फळी रुंदीला फुगते, चैत्र-वैशाखात आकसते. सेलू-परभणीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दोन्ही स्क्रू घट्ट केले तर फळी मधोमध तडकते.

बाभूळबन
दादा, ब्रॅकेटच्या माथ्यावर स्क्रूची भोकं पाडायला बी एक छोटा जिग करा. लोखंडी पट्टीला दोन भोकं, एक टेकू, झालं. मापटेप काढायलाच नको.

मुक्ता
काय झालं पुढे? ऑगस्ट संपत आला.

दुधनाकाठ
सांगतो. जिगवर काढलेला पहिला ब्रॅकेट मिस्त्रींनी मूळ गुण्यावर धरला, उजेडाकडे केला, फट दिसली नाही. मग जाडजूड पुठ्ठ्यावर बाहेरचा आकार कापून तपासणीचा साचा केला. प्रत्येक ब्रॅकेट त्या साच्यात बसवून पाहतो, जो अडकेल तो बाजूला. आजवर ४१ झालेत. तीन अडकले, तिन्ही वेळा टेकूच्या डोवेलाला भुसा चिकटलेला होता. आता दर तुकड्याआधी एक मुलगा ब्रशने टेकू झाडतो, तेच त्याचं काम.

मिस्त्रींनी स्वतःहून जिगला एक भर घातली. तिरपी रेषा असल्याने तुकडा उलटा बसला तर लाकडाची दिशा फिरते. त्यांनी जिगच्या तळावर बाण कोरला आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने तसाच बाण. बाणाला बाण जुळला की क्लॅम्प. मूळ फर्मा त्यांनी स्वतःच्या घरी नेऊन देवघराशेजारी टांगलाय, इथं कुणी चुकून वापरू नये म्हणून.

शेवटचा हात कानशीनेच द्यायचा ठरला. रंधापटाशी काकांचं पोरांनी ऐकलं.

वाळूजवाला
मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. चुकीचा तुकडा बसूच नये अशी सोय करायला आमच्याकडे वेगळं प्रशिक्षण देतात. बाणाऐवजी पुढच्या वेळी तुकड्याचा एक कोपरा वाया जाणाऱ्या भागात तिरपा कापा आणि तिथं एक खिळा ठोका. उलटा तुकडा मग बसणारच नाही, बघायचीही गरज नाही.

रंधापटाशी
मिस्त्रींना माझाही.

धाराशिवकर
उशिरा धागा सापडला. घरी स्वयंपाकघरात मांडणी करतोय, ब्रॅकेट ६ इंच खोल हवेत. हाच फर्मा झेरॉक्सवर लहान करून चालेल का?

दुधनाकाठ
@धाराशिवकर, सरसकट लहान करू नका. सगळंच आकसतं, टोकंही पाऊण इंचावर येतील आणि स्क्रूला जागा उरणार नाही. टोकं सव्वा इंचच ठेवा आणि त्या दोन टोकांमध्ये कामटी नव्याने वाकवा. तळाचा पाट, डोवेलचे टेकू, टॉगल हे सगळं आहे तसंच चालतं, फक्त वरचा फर्मा बदलायचा. आतलं वळण बेअरिंगपेक्षा चिंचोळं होऊ देऊ नका. १२.७ मिमीचं बेअरिंग असेल तर ६.३५ मिमी त्रिज्येच्या आत ते शिरत नाही.

पत्ता निरोपातून कळवा, पाटाचा कागदी छाप काढून पाठवतो.

धाराशिवकर
कळवला. लाकूड कडुनिंबाचं आहे, चालेल ना?

नांदेडी
चालेल, कीड लागत नाही. पण निंबाची रेषा एकमेकांत गुंतलेली असते, उतार-चढाव कळत नाही. २ मिमी ऐवजी १ मिमीच ठेवा, दोन हलक्या फेऱ्यांत काढा आणि बिट नवं वापरा.